चतुर्थी सोडून कुठंही

१९९८ सालच्या चतुर्थीनंतर मी घर सोडलं. गणपती बोळवून थोडेच दिवस झाले होते. गणपतीच्या वर टांगलेल्या माटीला बांधलेली फळं सुकून गेली होती, पण ती काढायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. त्या सकाळी बाबांनी मला आपल्या होडीतून आरोंद्याची खाडी ओलांडून दिली. पलीकडे गोवा. तिथून पणजी, आणि पणजीहून बेंगळुरूची बस.

आई होडीत माझी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तळाशी थोडं पाणी साचलेलं असायचंच, त्यात बॅग भिजेल म्हणून. माझा धाकटा भाऊ दिगू मात्र होडीपाशी आला नाही. किनाऱ्यावर जाळं पसरून तो त्यात नसलेलं भोक शोधत बसला. मी हात केला तेव्हा त्याने मान वर केली आणि पुन्हा लगेच खाली घातली.

बाबा वल्हवत होते. मासेमारीत आयुष्य गेलेला माणूस, बोलायचं असलं की आधी दोन-चार वल्ही जोरात मारायचा. खाडीच्या मध्यावर आल्यावर ते म्हणाले, "ओरोसाक जागा निघतली. वरसभर भायर बघ, मगे परत ये."

मी हो म्हटलं. खरंच तसंच वाटत होतं. कोल्हापूरला तीन वर्षं हॉस्टेलात राहून मी नर्सिंग पूर्ण केलं होतं, आणि आमच्याकडे नर्स झालेल्या मुलीने पुढे काय करायचं हे ठरलेलंच होतं. ओरोसला जिल्ह्याची कचेरी होती, सरकारी दवाखाना होता, राहायला क्वार्टर होते. तिथे एकदा चिकटलं की झालं. तोवर अनुभव म्हणून वर्षभर बाहेर.

पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर आईने एकच बजावलं. "खंयय गेलंस तरी भात जेव. नुसत्या चपातीर रवा नको."

आरोंद्याच्या माणसांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिलात, त्यांना मी चतुर्थीला दिसते, मग गायब होते. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आता खंय, कुठल्या गावाला? आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, मस्कतला, पुण्याला, बोटीवर, त्यांना वाटतं की आपण एका ठिकाणी गेलो आणि तिथे रुजलो, ही बाई मात्र वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवते, हिला झालंय तरी काय? दोघांनाही धड उत्तर मी कधी दिलं नाही. बारा वर्षं झाली, आता देते.

बेंगळुरूचं ते हॉस्पिटल मोठं होतं. नव्या मुलींना निरनिराळ्या वॉर्डांत फिरवत आणि मग कुठे ठेवायचं ते ठरवत. मला पहिल्याच आठवड्यात एनआयसीयूत टाकलं, म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या विभागात. काचेच्या पेट्या, निळे दिवे, सतत कुठलं तरी यंत्र टिंगटिंग वाजतंय, आणि पेटीत एवढंसं बाळ. माझ्या तळहातात मावलं असतं. कोल्हापूरला मी बाळंतपणं पाहिली होती, पण ती रडणारी, लाथा झाडणारी, धट्टीकट्टी बाळं. इथलं बाळ रडतसुद्धा नव्हतं, रडायला लागणारी ताकद त्याच्याकडे नव्हती. भोवताली कन्नड, तमिळ, मल्याळम, इंग्रजी. मला त्यातलं इंग्रजी तेवढं येत होतं, तेही पुस्तकातलं.

तिथल्या इन्चार्ज होत्या सिस्टर फिलोमिना, मंगळूरच्या. उंच, सावळ्या, पायात पांढरे बूट आणि आवाज असा की डॉक्टरही दबकून असायचे. पहिल्या दिवशी मी पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालणार, तेवढ्यात त्या मागून म्हणाल्या, "पयलें हात हून कर."

मी दचकून वळले. हून! आमच्याकडे कढत पेजेला हुनहुनीत म्हणतात. ह्या बाई माझ्या आजीच्या शब्दांत बोलत होत्या. त्या कोकणी बोलल्या होत्या, सवयीने, मला कळेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. मी मालवणीत उत्तर दिलं आणि सिस्टर फिलोमिनांचा तो कडक चेहरा क्षणभर असा सैल झाला की शेजारची केरळची मुलगी बघतच राहिली. त्या दिवसापासून शिव्याही मला कोकणीतच मिळू लागल्या. परक्या शहरात आपल्या भाषेतल्या शिव्या केवढा आधार देतात, ते बाहेर राहिल्याशिवाय नाही कळायचं.

त्यांनीच मला हे काम शिकवलं. केसाएवढ्या शिरेत सुई कशी घालायची, नळीतून दूध थेंबाथेंबाने कसं सोडायचं, बाळाचा रंग कसा वाचायचा. यंत्राचा आकडा बदलायच्या आधी बाळाची कातडी बदलते, तिकडे बघ, असं त्या सांगायच्या. मी रविवारी आरोंद्यातल्या एसटीडी बूथवर फोन करायचे, आई आधीच येऊन बसलेली असायची. एकदा मी तिला उत्साहाने सांगितलं की आज आलेलं बाळ एका बऱ्यापैकी पापलेटाच्या वजनाचं आहे. आई बाजारात मासे विकायची, तिला तेच माप लगेच कळणार. आई म्हणाली, "पोराक मासो म्हणा नको गो." आणि पुढच्या रविवारी पहिला प्रश्न, ते पापलेट कसं आहे?

ते पापलेट दोन महिन्यांनी घरी गेलं. त्या दिवशी मला कळलं की मला हेच करायचं आहे.

वर्ष संपत आलं होतं. एका दुपारी सगळ्यांना बोलावून सांगण्यात आलं की आसाममध्ये दिब्रुगडला एका दवाखान्यात असाच विभाग सुरू होतोय, पाच-सहा महिन्यांसाठी कोणीतरी जाऊन तो लावून द्यायचा आहे. यंत्रं मांडायची, तिथल्या मुलींना शिकवायचं आणि परत यायचं. कोणीच हात वर केला नाही. मी केला. का केला ते नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की दिब्रुगड नकाशात कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ते बघायची फार इच्छा झाली.

बाबांना मी फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "थंयचा पाणी गोडा काय खारा?"

ब्रह्मपुत्रा आहे, नदी आहे, गोडं पाणी, मी म्हटलं. भरती येते का? नाही. मग मासे कसले मिळतात? एवढं सगळं विचारून ते म्हणाले, बरं, जा. पुढे मी जिथे जिथे गेले तिथलं पाणी त्यांनी असंच विचारून घेतलं. रायपूरला गेले तेव्हा तलावांचं सांगून वेळ मारून नेली.

दिब्रुगडला पोचले तेव्हा आगगाडीत बसून बसून पाय सुजले होते. पण पहिल्याच जेवणात भात आला, आणि आंबट माशाचं कालवण. आंबटपणा कशाचा म्हणून मी विचारलं, तर त्यांनी वाळवलेल्या काळपट फोडी आणून दाखवल्या. थेकेरा म्हणाले. मी एक फोड जिभेवर ठेवली आणि मला हसूच फुटलं. अगदी आमसुलाचा चुलत भाऊ. आईने माझ्या बॅगेत आमसुलं कोंबली होती, त्यातली थोडी मी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी मी सोलकढी केली आणि त्यांनी ती गरम करून भातावर घेतली. करू दे म्हटलं.

तिथल्या मुलींत जोनाली नावाची एक होती, चहाच्या मळ्याजवळ राहणारी. हुशार, सगळं टिपून घेणारी, पण बाळाला हात लावायची वेळ आली की मागे सरायची. मला बाइदेउ म्हणायची, म्हणजे ताई. मोडेल हो बाइदेउ, म्हणायची. मी किती सांगितलं की बाळ मोडत नाही, तरी तिचे हात पुढे येईनात.

विभाग सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना चहाच्या मळ्यातली एक बाई बाळंत झाली, वेळेच्या खूप आधी. मुलगी. पेटीत ठेवली, नळी घातली, रंग सुधारला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. जनरेटर लावला, तो दोन उचक्या देऊन बंद पडला. बाहेर थंडी होती. पेटी हळूहळू गार होऊ लागली. माणसं जनरेटरकडे धावली, डॉक्टर फोनकडे.

असं झालं तर काय करायचं ते मला सिस्टर फिलोमिनांनी शिकवलेलं होतं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं, कातडीला कातडी, आणि वरून दोघींना गुंडाळून टाकायचं. आईचं अंग हीच पेटी. पण त्या वेळी विभागात आणखी दोन बाळं होती आणि माझे हात दोनच. मी जोनालीला म्हटलं, ही तुझी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या पेटीकडे वळले होते, आता मागे सरायला जागाच नव्हती. तिने आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासले, मग बाळ उचललं, नळीसकट, आणि त्या घाबरलेल्या आईच्या छातीशी ठेवलं. त्यांच्या बोलीत तिच्याशी बोलत राहिली. बाळाच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसली.

वीज दुपारी आली. तोवर तिन्ही बाळं आपापल्या आयांच्या छातीशी ऊबदार होती आणि जोनाली मला सांगत होती की बाइदेउ, हिचा रंग बघा, सकाळपेक्षा चांगला आहे. मी परत निघाले त्या दिवशी ती नव्या आलेल्या दोन मुलींना शिरेत सुई कशी घालायची ते दाखवत होती. मला निरोप द्यायला फक्त मान वळवली, हात बाळावर होता. मला राग यायला हवा होता कदाचित. मला इतका आनंद झाला होता की रिक्षावाल्यालाही मी आमसुलं देऊन टाकली.

पुढच्या वर्षी ओरोसचं बोलावणं आलं. जागा निघाली होती, मुलाखत होती. मी घरी आले आणि बाबा माझ्याबरोबर एसटीने ओरोसला निघाले. त्यांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता आणि वाटेत एसटीतच शुद्ध मराठीचा सराव करत होते. "साहेब, ही माझी मुलगी." मग स्वतःशीच मान हलवायचे. कचेरीत शिरल्यावर शिपायाला ते म्हणाले, "मुलाखत कुठे आहे?" आणि लगेच माझ्याकडे वळून हळूच, "खंय म्हणालो तो?"

मुलाखतीत एक वयस्क मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आसामात काय करत होतात, असं त्यांनी विचारलं आणि मी सुरू झाले. पेट्या, निळे दिवे, जोनाली, वीज, सगळं. बाकीचे घड्याळ बघू लागले, त्या मात्र ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, तुमची निवड व्हायला काही अडचण दिसत नाही. पण एक सांगते, असा विभाग आपल्याकडे इतक्यात होईल असं नाही. तुम्हाला जनरल वॉर्ड मिळेल. चालेल ना?

मी चालेल म्हणाले. बाहेर आले, बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कँटीनकडे चालू लागले. उसळपाव मागवला. ते खात होते, मी पाव कुस्करत होते. निवड होईल म्हणाल्या, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आजूबाजूला कचेरीची कामं घेऊन आलेली माणसं चहा पीत होती. बाबांनी हे दृश्य कित्येक वर्षं मनात पाहिलेलं असणार, ओरोसच्या कँटीनमध्ये नोकरी लागलेल्या मुलीबरोबर बसलेले ते.

"हंय पोरांची पेटी नाय," मी म्हटलं. बस, एवढंच म्हणता आलं.

त्यांनी प्लेट संपवली, पाणी प्यायले. मग म्हणाले, "हंय रवलंस तर आंग हंय रवतला नि मन थंय. तेच्यापेक्षा जा. फकत तू खंय आसस ता माका कळाक होया."

परतताना एसटीत ते खिडकीशी बसून झोपले. मी मात्र जागी होते, आणि आता कुठे जायचं याचा विचार करताना स्वतःशीच हसत होते.

त्यानंतर माझं आयुष्य असं झालं की सांगताना लोकांना खोटं वाटतं. मुंबईतली एक एजन्सी अशी कामं द्यायची, कुठे नवा विभाग लावायचा, कुठे रजेवर गेलेल्या सिस्टरची जागा काही महिने भरायची. मी रायपूरला गेले, जम्मूला गेले, नागपूरला दोनदा. मध्ये एक वर्ष डायलिसिस शिकले, कारण त्या कामाला तेव्हा फार मागणी होती, पण दर शनिवारी कुठल्या तरी बाळंतपणाच्या वॉर्डात डोकावून यायचे. मग आजारी बाळांना लहान गावातून मोठ्या शहरात न्यायच्या ॲम्ब्युलन्सचं शिकले. हलत्या गाडीत सुई घालायची, यात होडीत वाढलेल्या मुलीला काय अवघड! एजन्सीतल्या गृहस्थांना मी पहिल्याच भेटीत एक अट सांगितली होती, कुठंही पाठवा, फक्त चतुर्थीत मी घरी असेन. त्यांनी माझ्या नावापुढे लिहूनच ठेवलं, चतुर्थी सोडून कुठंही. त्यांना वाटलं विनोद आहे. पहिल्या वर्षी मी जम्मूहून रजा घेऊन खरंच निघाले तेव्हा त्यांना पटलं.

एकीकडे आईची काळजी वेगळीच होती. स्थळं येत होती आणि प्रत्येकजण विचारायचा, मुलगी असते कुठे? आई खोटं बोलणारी नव्हे. ती सांगायची, "आज खंय आसा ता माका म्हायती आसा. उद्याचा तिचा तिकाच ठावक नाय." स्थळ उठून जायचं.

मग धामापूरचं स्थळ आलं. विनायक तिथल्या शाळेत गणित शिकवायचे, घरचं भात आणि काजू, घरात ते आणि त्यांची आई. २००४ ची चतुर्थी होती, म्हणून मीही घरी सापडले. सगळं बोलणं झाल्यावर त्यांना काही विचारायचंय का, असं बाबांनी म्हटलं. विनायक चहाचा कप खाली ठेवून मला म्हणाले, "तुम्ही गेल्यावर फोन तुम्ही करणार की मी करायचा?"

मी म्हटलं, ज्याला आधी आठवण येईल त्याने. दिगू दाराआड उभा होता, तो फिस्सकन हसला आणि तिथेच सगळं ठरलं. सासूबाईंची शंका तेवढी उरली होती. लग्नानंतर पहिल्यांदा निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "चवथीक आसतलंस मगो?" आसतलंय, मी म्हटलं. "मगे कायएक हरकत नाय," त्या म्हणाल्या आणि काजूगराची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

गावात लोक बोलायचे. बाई फिरते आणि मास्तर घर सांभाळतो. विनायक ते मला फोनवर रंगवून सांगत, कोण काय म्हणालं, कुणाचा आवाज काढून. त्यांना भात करता यायचा, माशाचं सार जमायला दोन वर्षं लागली. मी मस्कतला होते तेव्हा तिथल्या मासळीबाजारात सुरमई बघून मला घरची इतकी आठवण आली की मी तिथूनच फोन लावला. आधी सासूबाईंचं ऐकलं, मग विनायकांचं सार आज पातळ झालंय हे ऐकलं, आणि सुरमई घेतली. मस्कतची नोकरी कायम करतो असं तिथल्या हॉस्पिटलचे लोक म्हणत होते. खोली छान होती, समुद्र खिडकीतून दिसायचा. पण दिवस राहिल्याचं कळलं आणि मी परत आले. आमची मुलगी, मीरा, धामापूरला वाढू लागली. पूर्ण दिवसांची, धट्टीकट्टी. पहिल्या मिनिटाला असा टाहो फोडला की मी तिथल्या तिथे हसायला लागले. सुईणीचं काम करणाऱ्या नर्सला कळेना ही बाई का हसतेय.

मीरा दीड वर्षाची होईपर्यंत मी घरीच होते. मग जवळची कामं घेऊ लागले, गोव्यात, कोल्हापुरात, शनिवारी घरी येता येईल अशी. आणि २००९ मध्ये एजन्सीतल्या त्याच गृहस्थांचा फोन आला. नेहमीसारखं खेळीमेळीने त्यांनी विचारलं, सिस्टर, सिंधुदुर्गात जाल का? कुडाळजवळ एका संस्थेच्या दवाखान्यात बाळांचा विभाग सुरू होतोय, सहा महिन्यांचं काम आहे. भाषा येईल ना तिथली?

इतक्या वर्षांत एवढी मोठ्याने मी कुठल्याच फोनवर हसले नसेन.

आपल्याच जिल्ह्यात काम करणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी एका बाळाची आजी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, तू आरोंद्याच्या मासे विकणाऱ्या बायचं चेडू ना? बाहेरगावी मी सिस्टर होते, इथे कुणाचं तरी चेडू, म्हणजे लेक, कुणाची तरी सून. लोक बाळाचं विचारायच्या आधी मीराचं विचारायचे. शिकवायला मुली मिळाल्या त्या कसालच्या, पिंगुळीच्या. त्यांतली अश्विनी सगळ्यांत चटपटीत. तिला पहिल्या दिवशी मी म्हटलं, आधी हात हून कर. ती म्हणाली, ताय, आमच्या आयेन पण असाच सांगलेला, पोराक हात लावच्या आधी. मला नवीन काही शिकवल्याचा आव आणायची सोयच राहिली नाही.

चौथा महिना असेल. दुपारी जेवण होत होतं तेव्हा दवाखान्याच्या दारात एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून दिगू उतरला. मागे त्याची बायको सुमन, आणि तिला धरून माझी आई. सुमनच्या बाळंतपणाला अजून दोन महिने वेळ होता. बाबा शेवटी उतरले, हातात चपला घेऊन. घाईत पायात घालायच्या राहिल्या होत्या.

तासाभरात मुलगा झाला. लहान, खूप लहान, श्वास घेताना छाती खोल आत जायची. डॉक्टरांनी सांगितलं, शीर लागेल, लगेच. मी सुई हातात घेतली. इतक्या वर्षांत मी असं किती वेळा केलं होतं, कुठकुठल्या गावांत. पण या वेळी पेटीत दिगूचं नाक होतं. तेच, जरा बसकं. आणि माझा हात थरथरू लागला. मी एकदा प्रयत्न केला, शीर निसटली. हात काचेवर टेकवून मी थांबले, तरी थरथर थांबेना. असं मला आधी कधी झालं नव्हतं. भीती वाटली, सुईची नाही, स्वतःच्या हाताची.

अश्विनी शेजारी उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "ताय, तुमी भायर बसा. मी करतंय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझी परवानगी मागत नव्हती. तिने हात घासून गरम केलेच होते. मी सुई खाली ठेवली आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर आई-बाबा बसले होते, दिगू भिंतीला टेकून उभा होता. आईने सरकून मला मधे जागा दिली. मी नातेवाईकांच्या बाकावर आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. त्या बाकावरून दार केवढं मोठं दिसतं, आतला प्रत्येक आवाज कसा ऐकू येतो आणि कशाचाच अर्थ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. खरं तर मला त्या प्रत्येक आवाजाचा अर्थ माहीत होता. पण मी तो लावत नव्हते. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काय झालं ते सांगेन अशी कोणी वाट बघत नव्हतं. आईने पदरातून चण्याचे लाडू काढले, एक मला दिला, म्हणाली, "खा. सकाळपासून काय खाल्लंस नसतलंस." मी खाल्ला. रडले पण थोडीशी. दिगूनेही रडून घेतलं, भिंतीकडे तोंड करून.

दार उघडलं. अश्विनी बाहेर आली आणि मला नाही, दिगूला म्हणाली, "शीर मिळाली. रंग सुधारलो. बापूस कोण, तेणी आत येवा."

मुलगा सात आठवड्यांनी आरोंद्याला गेला. आता तो कोंबड्यांमागे धावतो. माझं कुडाळचं काम संपलं, तो विभाग अश्विनी चालवते, आणि अडलं तर मला फोन करते. हल्ली फारसं अडत नाही. पुढच्या आठवड्यात मी छिंदवाड्याला निघाले आहे, या वेळी मीरा आणि विनायकही सुट्टीभर तिकडे येणार आहेत. सासूबाई म्हणतात, मी पण येतंय, बघूया तरी काय असता ता.

तर आता खंय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे की काम जिथे असेल तिथे. आणि घराचं विचाराल, तर पूर्वी मला वाटायचं की घर म्हणजे आरोंदा, मग वाटलं धामापूर, मधे काही वर्षं वाटलं की माझं घरच नाही, मी नुसती बॅग आहे. कुडाळच्या त्या बाकावर बसल्यापासून मी तसं म्हणत नाही. सगळीकडे मी हात गरम करून आत जाणारी बाई आहे आणि ते मला आवडतं. पण काही माणसांत मी बाहेर बसू शकते. हात थरथरला तरी तिथे चालतं. कोणीतरी सरकून जागा देतं, लाडू देतं, आणि दार उघडेपर्यंत मला काहीच करायचं नसतं.